पाडाचा वास

आढी उघडण्याचे काम आमच्या घरात काकूकडे असे. माजघरामागच्या काळोख्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर हापूसचे थर लावलेले असत. आठव्या-नवव्या दिवशी ती वरचा पेंढा हलक्या हाताने बाजूला सारून एकेक फळ उचले, देठाची बाजू नाकाशी नेई, क्षणभर डोळे मिटे आणि ते फळ उजवीकडे किंवा डावीकडे ठेवून देई. उजवीकडचे आज खायचे, डावीकडचे पुन्हा पेंढ्यात जायचे. पण मधूनच एखादे फळ ती पायाशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकी, आणि माझे सगळे लक्ष त्या डब्याकडे असे. त्या फळावर डाग नसे, ते कुठे नरमही लागत नसे. "ह्यो नको, ह्येका माशी लागली हा," एवढेच ती म्हणे. माझा विश्वास बसत नसे, म्हणून एकदा तसा आंबा मी गुपचूप गोठ्यामागे नेऊन विळीवर चिरला. कोयीच्या एका अंगाला गर पाणचट आणि तपकिरी झालेला होता, आणि त्यात भाताच्या शितापेक्षाही बारीक अशा पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या.

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो आणि पुण्यात नोकरीला लागलो. देवगड तालुक्यातल्या कातळावरची आमची कलमे आता चुलतभाऊ बघतो आणि मी मे महिन्यात पंधरा दिवस रजा टाकून, मदतीच्या नावाखाली, आंबे खायला जातो. काकूच्या नाकाला त्या बिनडागी फळात नेमके काय कळत होते, हा प्रश्न मात्र इतकी वर्षे माझ्या मागे आहे. त्याचे उत्तर शोधताना माझी एक समजूत मोडली. हापूसचा सुवास ही फळाची स्वतःची, ठरलेली मालमत्ता आहे आणि कीड म्हणजे ती नासवणारा बाहेरचा चोर, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो वास माशीलाही वाचता येतो, आणि वाचून झाल्यावर तो ती स्वतःच्या सोयीने बदलूनही टाकते.

आधी वासाविषयी सांगायला हवे. कैरी खुडताना देठातून जो चीक उडतो, हाताला लागला तर कातडी भाजतो आणि नाकात हिरवट झिणझिण्या आणतो, त्याचा वास टर्पीन नावाच्या संयुगांचा असतो. काही रायवळ आंब्यांना पिकल्यावरही जो टर्पेंटाइनसारखा दर्प येतो, तोही याच कुळातला. हापूसमध्ये या कुळातले ओसिमीन हे संयुग मोठ्या प्रमाणात असते आणि ते कच्च्या फळापासून पिकलेल्या फळापर्यंत टिकून राहते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या वाढीच्या आणि पिकण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवर त्याच्या वासातली संयुगे मोजली आणि 2009 साली ती निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की, ज्याला आपण हापूसचा वास म्हणतो त्यातली काही संयुगे कैरीत जवळपास नसतातच. फळ पिकू लागले की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या दोन गटांतली संयुगे नव्याने तयार होतात. लॅक्टोनांना ओल्या नारळाच्या दुधासारखा आणि पीचसारखा स्निग्ध वास असतो. फ्युरॅनिऑल आणि मेसिफ्युरॅन यांना कढत्या काकवीसारखा, करपण्याच्या आधी थांबलेल्या साखरेसारखा. खाली टर्पीनांचा हिरवा पाया आणि वर नारळ-काकवी, अशी ही मांडणी आहे. काकू देठाशी नाक नेत असे ते उगाच नव्हे, कारण पिकल्या फळाचा वास देठाच्या खळग्यापाशी सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट येतो.

आता माशीकडे वळतो. आंब्याची फळमाशी घरमाशीएवढीच असते, पण अंगकाठीने गांधीलमाशीच्या धाकट्या बहिणीसारखी दिसते: पाठीवर पिवळे पट्टे, पारदर्शक पंख, निमुळते पोट. दोन वर्षांपूर्वी पडवीतल्या बाकावर पाडाचा एक आंबा ठेवून मी अर्धा तास नुसता बसून राहिलो. पहिल्या दहा मिनिटांत एक मादी आली. ती फळावर उतरली, पुढे चालली, मागे फिरली, खांद्याजवळच्या पिवळ्या भागावर दोन-तीनदा गोल हिंडली आणि मग एका जागी थबकून तिने पोटाचे टोक खाली वाकवले. त्या टोकाला असलेली सुईसारखी नळी सालीत गेली तेव्हा तिचे सगळे अंग ताठ झाले होते. मी बोट जवळ नेले तरी ती हलली नाही. मिनिटभराने ती उडून गेली आणि त्या जागी रसाचा एक थेंब वर आला, मोहरीच्या दाण्याएवढा. तो सुकल्यावर तिथे काहीही दिसत नव्हते. जागा लक्षात राहावी म्हणून मी पेनने तिच्याभोवती वर्तुळ काढले नसते, तर मलाही ती पुन्हा सापडली नसती.

ती मादी त्या फळापर्यंत कशी पोहोचली? बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर या प्रश्नावर केलेले काम 2012 आणि 2014 साली प्रसिद्ध झाले. आंब्याच्या वासातली शेकडो संयुगे मादीला सारखी महत्त्वाची नसतात. त्यांतल्या मोजक्याच संयुगांना तिच्या स्पर्शिका दाद देतात. त्यांपैकी गॅमा-ऑक्टालॅक्टोन हे एक संयुग असे निघाले की, ज्या माद्यांना अंडी घालण्याचा काहीच अनुभव नव्हता त्यांनाही ते अंडी घालायला उद्युक्त करते. म्हणजे ही ओळख ती शिकत नाही, जन्मतःच घेऊन येते. आणि गॅमा-ऑक्टालॅक्टोन म्हणजे कोण? वर ज्याला मी ओल्या नारळाचा वास म्हटले, त्या लॅक्टोनांपैकीच एक. हापूस हापूस वाटू लागतो तो ज्या संयुगांमुळे, त्याच कुळातल्या एकाने माशीला पत्ता कळतो. हे वाचले त्या दिवशी मला थोडा मत्सर वाटल्याचे कबूल केले पाहिजे. आपण ज्या वासावर पिढ्यान् पिढ्या भाळत आलो, त्याची माशीला नुसती आवड नव्हे, तर उपजत जाण आहे.

बागायतदाराची सगळी कसरत इथूनच सुरू होते. फळ चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा हिस्से, तयार झाले की उतरवावे, असा आमच्याकडचा जुना हिशेब आहे. त्या वेळी साल कडक असते, लॅक्टोन अजून जागे झालेले नसतात, आणि फळ आढीत किंवा पेटीत पिकते. साहजिकच माशीला ते फारसे सापडत नाही. पण झाडावरच पिकू दिलेल्या, पाड लागलेल्या आंब्याच्या वासाची सर आढीतल्या आंब्याला येत नाही, असे आमच्या घरात सगळ्यांचे ठाम मत आहे आणि माझेही आहे. काही वर्षांपूर्वी याच मताच्या आहारी जाऊन आम्ही पुण्यातल्या एका जुन्या गिऱ्हाइकासाठी पाच डझनांची पेटी मुद्दाम चार-पाच दिवस उशिराने उतरवलेल्या फळांची भरली. मे अखेर होती, वळवाचे दोन पाऊस पडून गेले होते आणि हवेत दमटपणा होता. माशी सर्वांत जास्त असते ती याच दिवसांत. आठवड्याने त्यांनी फोनवर फोटो पाठवला. ताटलीत चिरलेला आंबा आणि त्याच्या पिवळ्याधमक गरात अळ्या. खाली एकच ओळ होती: "वास मात्र अप्रतिम होता हो." पैसे परत केले, चुलतभाऊ चार दिवस माझ्याशी बोलला नाही, कारण पाडाचे आंबे पाठवण्याची हौस माझी होती.

डंख बसल्यानंतर फळाच्या आत जे होते ते मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत गुंतागुंतीचे आणि म्हणून सर्वांत रंजक वाटते. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात, अळ्या गर खात आत सरकतात. पण माशी एकटी येत नाही. तिच्या अंड्यांच्या पृष्ठभागावर जिवाणू असतात. चीनमधल्या संशोधकांनी 2020 साली दाखवले की, या जिवाणूंमुळे फळात बीटा-कॅरिओफायलीन नावाचे टर्पीन वाढते, आणि तो वास आला की दुसऱ्या माद्या त्या फळावर अंडी घालायचे टाळतात. लवंग आणि मिरी यांच्या वासातही हेच संयुग असते. एका मादीने फळ घेतले की तिच्यासोबत आलेले जिवाणू दारावर जणू पाटी लावतात, 'जागा भरली आहे', आणि ही पाटी लिहिलेली असते फळाच्याच रसायनांनी. त्याशिवाय जखम झालेल्या फळातून इथिलीन हा फळ पिकवणारा वायू जास्त सुटतो आणि ते फळ इतरांच्या आधी पिकते. झाडाखाली सर्वांत आधी पडलेला, सर्वांत आधी पिवळा झालेला आंबा हाताळताना मी आता दोनदा विचार करतो, कारण ती घाई बहुतेक वेळा त्याची स्वतःची नसते. मग गर फाटल्यावर यीस्ट आत शिरते, साखरेचे अल्कोहोल होते, त्यातून इथाइल ॲसिटेट आणि शेवटी व्हिनेगरसारखे आंबूस ॲसिटिक आम्ल तयार होते. म्हणजे नारळ-काकवीच्या वासाला आधी किंचित मसाल्याची, नंतर दारूची आणि अखेर आंबटपणाची किनार येत जाते.

काकूला या साखळीतली कोणती कडी कळत होती? ती दारूच्या टप्प्याची वाट पाहत नसे, इतके मला खात्रीने सांगता येते, कारण तिने डब्यात टाकलेल्या फळांना मला तसा वास कधी आला नाही. तिला मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, "गोडच वास येता, पण पुढच्या दिवसाचो येता." बाकीचे फळ आजचे आणि वास उद्याचा, एकाच फळात दोन तारखा. इथिलीनमुळे जखमेभोवतीचा भाग आधी पिकतो, ही गोष्ट यापेक्षा नेमकी मला सांगता आली नसती.

इथे एक खुलासा करतो, कारण पुण्या-मुंबईचे पाहुणे यात हमखास गल्लत करतात. हापूस कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो त्याला आम्ही साका म्हणतो आणि तो किडीमुळे होत नाही. तो फळाच्या आतल्या बिघाडाचा प्रकार आहे. उलट कोयीत राहणारा भुंगा ही खरोखरची कीड आहे, पण ती वासाला हात लावत नाही. त्याची अळी लहानपणीच फळात शिरून कोयीत जाते, गर तिच्या मागे बुजतो आणि आंबा अगदी नीट पिकतो, नीट सुगंधित होतो. आपण आमरस करतो, बाठा उकिरड्यावर टाकतो आणि पुढे केव्हातरी त्यातून काळा भुंगा बाहेर येतो. काकूचे नाक त्या भुंग्यापुढे हरत असे आणि तिला त्याचे काही वाटत नसे. "तो आपल्या घरात रव्हता," असे ती म्हणे.

आमच्या बागेत माशीवरचा उपाय म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेले रक्षक सापळे टांगलेले असतात. आत लाकडाचा तुकडा मिथाइल युजेनॉलमध्ये भिजवून ठेवतात. त्याला लवंग आणि तुळस यांच्या मधला, अंमळ गोडसर वास येतो. तुळशीतही हे संयुग असतेच. सापळ्याचे झाकण उघडले की तळाशी शेकडो माश्या पडलेल्या दिसतात आणि त्या सगळ्या नर असतात. या शोधाची कथा मला फार आवडते. फ्रँक हाऊलेट हा ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत होता. त्याच्या एका शेजाऱ्याने डास लागू नयेत म्हणून गवती चहाच्या जातकुळीतल्या सिट्रोनेला गवताचे तेल वापरले, आणि डास दूर राहिले की नाही कोण जाणे, पण फळमाश्या मात्र त्याच्यावर तुटून पडल्या. हाऊलेटने 1912 साली त्याविषयी लिहिले आणि 1915 पर्यंत त्या तेलातले नेमके आकर्षण मिथाइल युजेनॉल हे असल्याचे दाखवून दिले. पुढे 1960 च्या दशकात पॅसिफिक महासागरातल्या रोटा नावाच्या छोट्या बेटावरून याच संयुगात कीटकनाशक मिसळून ही माशी समूळ नाहीशी करण्यात आली.

नरांना त्या वासाची एवढी ओढ का, याचेही उत्तर वासातच आहे. नर मिथाइल युजेनॉल खातो, शरीरात त्याचे रूप बदलून ते गुदाशयाजवळच्या ग्रंथीत साठवतो आणि संध्याकाळी, दिवेलागणीच्या वेळी, पंख थरथरवत तो साठा हवेत सोडतो. मादी त्या वासाकडे येते. ज्याने ते खाल्लेले असते त्याला जोडीदार मिळण्याची शक्यता जास्त. थोडक्यात, वनस्पतींचा वास उसना घेऊन तो अत्तर लावतो. आपल्या सापळ्यात पडतात ते अत्तराच्या शोधात निघालेले नर. अंडी घालणारी मादी लॅक्टोनांच्या मागावर वेगळ्याच वाटेने येत असते. म्हणूनच सापळा भरलेला पाहून निर्धास्त झालेल्या बागायतदाराची मला काळजी वाटते. सापळ्याबरोबर खाली पडलेली फळे रोज वेचून नष्ट केली नाहीत तर त्यांतल्या अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि पुढची पिढी त्याच कलमाखालून वर येते.

या वासांच्या बाजारात आणखीही गिऱ्हाइके आहेत. सडू लागलेल्या फळातून सुटणारे ॲसिटाल्डिहाइड हुंगत काही बारीक परजीवी गांधीलमाश्या येतात आणि फळातल्या अळीच्या अंगात स्वतःचे अंडे घालतात. पाने शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या, ज्यांना आम्ही ओंबील म्हणतो, फळावरून नुसत्या हिंडून गेल्या तरी त्यांचा मागे राहिलेला वास फळमाशीला नकोसा होतो, असे आफ्रिकेतल्या बेनिन देशातल्या आंबाबागांत दिसून आले आहे. आंबे उतरवणारे गडी मात्र ओंबिलांच्या नावाने बोटे मोडतात, आणि अंगभर चावे घेतलेल्या माणसाला हे संशोधन सांगायला जाण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

कीड लागली की वास बिघडतोच, असेही नाही. मोहरावर येणारे तुडतुडे आमच्याकडे शापच मानले जातात: फांदी हलवली की तडतड उडतात, रस शोषतात आणि त्यांचा चिकट खार पानांवर पडून त्यावर काळी बुरशी चढते. पण त्यांचेच दूरचे नातलग तैवानात चहाची कोवळी पाने शोषतात तेव्हा त्या पानांत मधासारख्या आणि फुलांसारख्या वासाची संयुगे वाढतात, आणि ओरिएंटल ब्यूटी नावाचा तिथला महागडा चहा मुळात किडलेल्या पानांचाच होतो. दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडणीच्या चहातल्या द्राक्षासारख्या वासाचे श्रेयही अशाच तुडतुड्यांना आणि फुलकिडींना देतात. चुलतभावाला हे ऐकवले तेव्हा त्याने फवारणीचा पंप पाठीवर चढवत विचारले, "मग तैवानाक पाठवूया हे?"

माशीमुळे हापूसला परदेशात बसलेला मोठा तडाखा सर्वांना आठवत असेल. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबवली, कारण आधीच्या खेपांत फळमाश्या सापडल्या होत्या. 2015 च्या सुरुवातीला ती बंदी उठली. तेव्हापासून तिकडे जाणारा आंबा 48 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेसाठी 2007 पासून विकिरणाचा, म्हणजे फळावर किरणांचा मारा करण्याचा, मार्ग आहे आणि त्याचा मोठा उद्देश कोयीतल्या त्या गुपचूप भुंग्याला अडवणे हा आहे. लंडनमधला माझा मामेभाऊ दरवर्षी तिथे घेतलेल्या पेटीविषयी तक्रार करतो की, चव आहे पण पेटी उघडल्यावर घर भरत नाही. आधी चौदा आण्यांवर उतरवलेले, मग तासभर गरम पाण्यात बसून आलेले आणि विमानाच्या पोटात थंडगार प्रवास केलेले फळ. त्याने लंडनमध्ये घर भरावे ही अपेक्षाच मला जरा जास्त वाटते. पण त्याची तक्रार ऐकताना पडवीतला आंबा आणि त्यावर गोल गोल हिंडणारी ती मादी मला आठवतात.

2021 च्या एप्रिलमध्ये काकूला करोना झाला. ती बरी झाली, पण तिचा वास गेला. मे महिन्यात तौक्ते वादळाने झाडांवर उरलेले बहुतेक आंबे एका रात्रीत खाली आणले आणि आम्ही ते पोत्यांनी भरून पडवीत ओतले. चांगले निवडून साठे, म्हणजे आंबापोळी, घालायची होती, आणि निवडायला बसलेल्या काकूने पहिला आंबा सवयीने नाकाशी नेला, तसाच धरून ठेवला आणि खाली ठेवला. त्या दिवशी तिने कुणालाच निवडू दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर तिने आंबे जमिनीवर एकमेकांपासून वीतभर अंतराने ओळीत मांडले होते आणि ती भिंतीला टेकून, हातात विंझणा, म्हणजे हातपंखा, असूनही न हलवता, बसली होती. अर्ध्या तासाने तिने चुलतभावाच्या मुलीला हाक मारली आणि बोट दाखवू लागली: तो, त्याच्या पलीकडचा, आणि कोपऱ्यातले ते दोन. त्या आंब्यांवर चिलटे बसली होती. बाकीच्यांवर एकही नव्हते.

मुलीने ते आंबे उचलून पत्र्याच्या डब्यात टाकले. मी एक चिरून पाहिला.